कर्तरी आणि कर्मणी : स्वर्गारोहणाच्या पूर्वच्छायेचा भाषिक विचार

ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचे कथन नव्या करारात फार थोड्या जागेत उरकलेले आहे. लूककृत शुभवर्तमानाचा शेवट आणि त्याच लेखकाच्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाचा आरंभ, एवढ्या दोनच ठिकाणी ते घटनेच्या रूपाने येते. मार्कच्या शुभवर्तमानात जो उल्लेख आहे तो ज्या समाप्तीत येतो, ती समाप्ती मागाहून जोडलेली असल्याचे बहुतेक संहिताभ्यासक मानतात. मूळ घटनेचे वर्णन इतके अल्प. परंतु तिच्या पूर्वसूचना म्हणून हिब्रू शास्त्रातून काढून दाखविल्या जाणाऱ्या स्थळांची यादी मात्र लांबलचक आहे. उत्पत्तीच्या पाचव्या अध्यायातील हनोख, दुसऱ्या राजांच्या दुसऱ्या अध्यायातील एलीया, २४, ४७, ६८ आणि ११० ही स्तोत्रे, दानिएलाच्या सातव्या अध्यायातील मेघांसह येणारी मानवसदृश आकृती ही त्यांतील प्रमुख होत.

या यादीकडे पाहण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. पहिलीच्या मते ही सर्व भाकिते असून ती यथाकाल खरी ठरली. दुसरीच्या मते या स्थळांचा ख्रिस्ताशी काडीचाही संबंध नाही. तो अर्थ त्यांच्यावर मागाहून लादलेला आहे. वरवर या दोन भूमिका परस्परविरुद्ध दिसतात; पण यादीतील सर्व स्थळे एकाच जातीची आहेत, हे गृहीत दोघींनीही न तपासता स्वीकारलेले आहे. प्रस्तुत लेखात या गृहीताचीच परीक्षा करावयाची आहे. ती करताना घटनांपेक्षा क्रियापदांकडे, आणि क्रियापदांतही त्यांच्या प्रयोगाकडे लक्ष दिले, तर प्रश्नाचे स्वरूप पालटते असे माझे प्रतिपादन आहे.

प्रथम ‘पूर्वच्छाया’ या संज्ञेविषयी. भाकीत हे भविष्यकाळाकडे तोंड करून उच्चारलेले विधान असते. ते घटनेपूर्वीच समजते, आणि घटना घडली की ते खरे किंवा खोटे ठरते. छायेचे तसे नसते. छाया ज्या वस्तूची असते ती वस्तू पाहिल्यावाचून ती कशाची छाया हे कळत नाही. एरिक आउअरबाख याने १९३८ साली ‘फिगुरा’ या संज्ञेवर लिहिलेल्या निबंधात या वाचनपद्धतीचे लक्षण नेमके सांगितले आहे : पूर्वीची आणि नंतरची अशा दोन्ही घटना आपापल्या जागी खऱ्या, ऐतिहासिक मानल्या जातात, आणि दुसरीच्या योगे पहिलीला नवा अर्थ लाभतो. रूपककथेत पहिली गोष्ट केवळ दुसरीची खूण म्हणून उरते. येथे तसे होत नाही. मराठी वाचकाला ही पद्धती अपरिचित नाही. १६१६ साली राशोल येथे छापल्या गेलेल्या फादर स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’ची ‘पैले पुराण’ आणि ‘दुसरे पुराण’ ही रचनाच तिच्यावर उभी आहे. तात्पर्य, पूर्वच्छाया ही मूळ लेखकाने केलेली क्रिया नसून उत्तरकालीन वाचकाने केलेली क्रिया आहे. मग प्रश्न असा उरतो की, अशा वाचनाला संहितेत काही आधार असावा लागतो की नाही? लागत असेल, तर तो कशाचा?

येथे मराठीतील रूढ शब्दाने निर्माण केलेली एक अडचण आधी दूर केली पाहिजे. ‘स्वर्गारोहण’ या शब्दातील ‘आरोहण’ म्हणजे चढणे. चढणारा हा त्या क्रियेचा कर्ता असतो. तो आपल्या बळाने चढतो. महाभारताच्या अठराव्या पर्वाचे नाव ‘स्वर्गारोहणपर्व’ आहे. तुकोबांच्या संबंधात आपण ‘वैकुंठगमन’ म्हणतो. तेथेही जाणारा हाच कर्ता. या शब्दांच्या सहवासामुळे आपण हनोख, एलीया आणि ख्रिस्त या तिघांविषयी ‘ते स्वर्गात गेले’ असे सहज म्हणून जातो. हिब्रू संहिता मात्र इतक्या सहजपणे तसे म्हणत नाही.

हनोखाच्या बाबतीत हिब्रू संहितेतील क्रियापद ‘लाकह’ हे आहे. त्याचा अर्थ ‘घेणे’. कर्ता देव आहे आणि हनोख हे कर्म आहे. कोठे घेतले, कसे घेतले, याविषयी संहिता मौन पाळते. स्वर्गाचे तेथे नावही नाही. एलीयाच्या कथेत हेच क्रियापद पुनःपुन्हा येते. संदेष्ट्यांचे शिष्य अलीशाला दोन ठिकाणी तेच शब्द वापरून विचारतात. एलीया स्वतः आपल्या जाण्याविषयी बोलतो तेव्हा त्याच क्रियापदाचा कर्मणी प्रयोग करतो. ४९ व्या आणि ७३ व्या स्तोत्रांतही देव आपल्याला ‘घेईल’ असा विश्वास याच क्रियापदाने व्यक्त झाला आहे.

हे ‘घेणे’ संदिग्ध आहे, आणि ती संदिग्धता मराठी माणसाला विशेष रीतीने कळण्यासारखी आहे. आपणही मृत्यूविषयी बोलताना ‘देवाने त्याला नेले’ असे म्हणतो. हिब्रूतही हे क्रियापद मृत्यूच्या संदर्भात येते. यहेज्केलाच्या २४ व्या अध्यायात संदेष्ट्याच्या पत्नीच्या मृत्यूची पूर्वसूचना देव याच क्रियापदाने देतो. त्याहून मार्मिक उदाहरण एलीयाचेच आहे. पहिल्या राजांच्या १९ व्या अध्यायात थकलेला, खचलेला एलीया रानातील झुडपाखाली बसून देवाने आपला प्राण घ्यावा अशी याचना करतो. तेथे ‘लाकह’चेच आज्ञार्थी रूप आहे. ती याचना त्या वेळी मान्य होत नाही. पुढे देव त्याला घेतो. पण जे घ्यावे म्हणून त्याने विनविले होते ते त्या घेण्यात नसते. एकाच क्रियापदाच्या दोन अर्थांमध्ये एका माणसाचे सारे उत्तरायुष्य येऊन बसले आहे. एलीयाच्या कथेचे हे सौंदर्य तिला कोणाची छाया न मानताही पूर्णपणे अनुभवता येते, हे येथे आवर्जून नोंदविले पाहिजे.

या संदिग्धतेवर प्राचीन काळी वादही झाला आहे. ‘बरेशीत रब्बा’ या उत्पत्तीवरील यहुदी भाष्यसंग्रहात रब्बी अबाहू याच्याशी काही पाखंडी मंडळींनी केलेला एक संवाद आहे. हनोखाचा मृत्यू शास्त्रात सांगितलेला नाही, असे त्यांचे म्हणणे. आधारासाठी ते एलीयाच्या कथेतील ‘घेणे’ पुढे करतात. त्यावर अबाहू यहेज्केलातील ‘घेणे’ पुढे करतो : तेथे त्याचा अर्थ मृत्यू आहे, तर येथेही तोच घ्यावा. पुढे अकराव्या शतकातील राशी या भाष्यकारानेही हनोखाला देवाने अकाली उचलले, म्हणजे मृत्यू दिला, असाच अर्थ लावला. दोन्ही पक्षांची पद्धती एकच आहे हे लक्षात घेण्याजोगे आहे. एका स्थळाचा अर्थ समान शब्दाच्या दुसऱ्या स्थळावरून लावावयाचा. मतभेद आहे तो कोणते दुसरे स्थळ निवडावे याविषयीचा. पूर्वच्छायेचे वाचन हे याच पद्धतीचे अपत्य आहे. ते हिब्रू शास्त्राच्या बाहेरून आलेले परके हत्यार नव्हे.

आता दुसऱ्या क्रियापदाकडे वळू. ‘आलाह’ म्हणजे वर जाणे, चढणे. आकाशाच्या संदर्भात या क्रियापदाचा कर्तरी प्रयोग हिब्रू शास्त्रात कोणाच्या वाट्याला आला आहे हे पाहिले म्हणजे एक विलक्षण व्यवस्था दृष्टीस पडते. ४७ व्या स्तोत्रात जयघोषात वर जातो तो देव. ६८ व्या स्तोत्रात उच्च स्थानी चढतो तोही देवच. उलट, यशयाच्या १४ व्या अध्यायात ‘मी आकाशात चढेन’ या आशयाची वल्गना करणारा बाबेलचा राजा आहे, आणि त्याची परिणती अधोलोकात पडण्यात होते. बाबेलचा बुरूज रचणाऱ्यांचे शिखरही आकाशालाच भिडावयाचे होते. चढणे हे देवाला शोभते. माणसाने ते करू म्हटले तर तो उन्माद ठरतो. माणसाच्या वाट्याला येते ते ‘घेतले जाणे’. कर्तरी प्रयोग देवाचा आणि कर्मणी प्रयोग माणसाचा, असे या व्यवस्थेचे सूत्र सांगता येईल.

या सूत्राला एक ठळक अपवाद आहे, आणि तोच आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. दुसऱ्या राजांच्या दुसऱ्या अध्यायाच्या ११ व्या वचनात एलीया वावटळीतून आकाशात ‘चढला’ असा ‘आलाह’चा सरळ कर्तरी प्रयोग आहे. अर्थात अध्यायाच्या पहिल्याच वचनात त्याच धातूचे प्रयोजक रूप वापरून वर नेणारा परमेश्वर आहे हे सांगून ठेवलेले आहे; त्यामुळे गैरसमजाला फारसा वाव नाही. तरीही हिब्रू शास्त्राच्या ग्रीक भाषांतरकाराने, म्हणजे सेप्टुअजिंट या नावाने प्रसिद्ध असलेल्या भाषांतरात, येथे प्रयोगच बदलला आहे. ९ व्या आणि १० व्या वचनांतील ‘लाकह’साठी त्याने ‘आनालाम्बानो’, म्हणजे ‘वर घेणे’, हे क्रियापद योजले होते. ११ व्या वचनात हिब्रूत ‘चढला’ असूनही त्याने त्याच ग्रीक क्रियापदाचे कर्मणी रूप ठेवले : एलीया ‘वर घेतला गेला’. ‘घेणे’ आणि ‘चढणे’ हे दोन निराळे हिब्रू धातू एका ग्रीक शब्दात एकत्र आले, आणि त्या एकीकरणात कर्मणी प्रयोगाची सरशी झाली.

हा शब्द पुढे स्थिर झालेला दिसतो. सिराखपुत्राच्या ग्रंथाचे त्याच्या नातवाने इ. स. पूर्व १३२ नंतर ग्रीकमध्ये भाषांतर केले. त्यात एलीयासाठी हेच क्रियापद आहे, आणि हनोखासाठीही. मक्काबींच्या पहिल्या ग्रंथात एलीयाविषयी तेच येते. आणि ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात ख्रिस्ताविषयी हेच कर्मणी रूप तीनदा आले आहे. ९ व्या वचनात ढग त्याला दृष्टीआड नेतो, तेथेही ‘लाम्बानो’ या मूळ धातूचेच दुसरे उपसर्गयुक्त रूप आहे. लूकच्या मनात एलीया होता हे केवळ या एका शब्दावरून ठरवावे लागत नाही. शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात येशू यरुशलेमाकडे निघतो तेव्हा लूक ‘आनालेम्प्सिस’, म्हणजे ‘वर घेतले जाणे’, हे भाववाचक नाम वापरतो. आणि लगेच पुढे आकाशातून अग्नी पाडण्याची शिष्यांची सूचना आणि नांगराला हात घातलेल्या माणसाविषयीचे वचन येते. पहिल्यात एलीयाचा आणि दुसऱ्यात अलीशाचा प्रतिध्वनी स्पष्ट आहे. अलीशाने गुरूला जाताना पाहिले तरच त्याला आत्म्याचा दुप्पट वाटा मिळणार होता; प्रेषितांच्या कथेतही शिष्यांच्या पाहण्यावर भर आहे आणि त्यानंतर आत्म्याचे दान आहे.

म्हणजे येथे पूर्वच्छायेला संहितेत आधार आहे. परंतु तो हिब्रू कथेत जेवढा आहे त्यापेक्षा अधिक तिच्या ग्रीक भाषांतरात आहे. अज्ञात भाषांतरकाराने केलेली एक शब्दनिवड दोन धर्मग्रंथांमधील सेतू ठरली. भाषांतर हे मूळ अर्थाचे निष्क्रिय वाहन असते असे मानणाऱ्यांनी या उदाहरणाचा विचार करावा.

मात्र लूकचा कर्मणी प्रयोग हा नव्या कराराचा एकमेव प्रयोग नाही. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात ६८ वे स्तोत्र उद्धृत केले आहे, आणि तेथे ख्रिस्त स्वतः ‘चढतो’. योहानाच्या शुभवर्तमानातही मनुष्याचा पुत्र चढतो असा कर्तरी प्रयोगच आहे. स्तोत्राच्या या अवतरणात एक प्रसिद्ध फरक आहे. हिब्रू स्तोत्रात चढणारा माणसांमध्ये देणग्या ‘घेतो’, आणि तेथील धातू पुन्हा ‘लाकह’च आहे. ग्रीक भाषांतरातही ‘घेणे’च आहे. पत्रात मात्र तो देणग्या ‘देतो’.

या फरकाला सरळसरळ विपर्यास म्हणणारे टीकाकार आहेत. त्यांचे म्हणणे झटकून टाकता येत नाही. शब्द बदललेला आहे ही वस्तुस्थितीच आहे. परंतु दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. एक, हिब्रू ‘लाकह’ दिशेच्या बाबतीत तटस्थ आहे. एलीया सारफथच्या विधवेकडे पाणी मागतो तेव्हा ‘माझ्यासाठी घे’ असेच म्हणतो, आणि त्याचा अर्थ ‘आणून दे’ असा होतो. मराठीतही ‘घेऊन ये’ आणि ‘घेऊन जा’ यांत ‘घेणे’ समान असून दिशा पुढच्या क्रियापदाने ठरते. दुसऱ्यासाठी घेणे आणि दुसऱ्याला देणे यांत अंतर थोडेच आहे. दोन, स्तोत्रांच्या आरामी भाषांतरात, म्हणजे तारगूमात, या वचनाचा अर्थ मोशेकडे लावलेला आहे : तो वर गेला, त्याने नियमशास्त्र आत्मसात केले आणि ते माणसांना देणगी म्हणून दिले. तारगूमाची आज उपलब्ध असलेली संहिता पत्राहून उत्तरकालीन आहे. म्हणून एकाने दुसऱ्याकडून घेतले असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु ‘घेणे’चे ‘देणे’ करणारे वाचन केवळ ख्रिस्ती हट्टातून जन्मले असे म्हणण्याचे धाडस त्याहूनही मोठे आहे.

उरले ११० वे स्तोत्र आणि दानिएल. ११० व्या स्तोत्रात राजाला देवाच्या उजवीकडे बसण्याची आज्ञा आहे. नव्या करारात हिब्रू शास्त्रातील अन्य कोणत्याही वचनाहून याचा अधिक आधार घेतला गेला आहे. पण या स्तोत्रात बसणे आहे, चढणे नाही. प्रेषितांच्या दुसऱ्या अध्यायातील पेत्राचे भाषण ही उणीव युक्तिवादाने भरून काढते : दावीद स्वतः आकाशात चढला नाही, म्हणून हे शब्द दुसऱ्या कोणाला लागू असले पाहिजेत. दानिएलाच्या दृष्टांतात मानवसदृश आकृती मेघांसह पुराणपुरुषापाशी येते आणि तिला राज्य दिले जाते; त्याच अध्यायात तिचा अर्थ परात्पराच्या पवित्र जनांकडे, म्हणजे एका समूहाकडे, लावलेला आहे. दुसऱ्या शतकातील जस्टिन आणि त्याचा यहुदी प्रतिवादी त्रुफो यांच्या संवादात २४ वे स्तोत्र शलमोनाविषयीचे आणि ११० वे हिज्कीयाविषयीचे, असा यहुदी पक्ष मांडलेला आहे. अर्थाचा हा दावा आरंभापासून वादग्रस्त होता, याची ही साक्ष होय.

आता सर्व स्थळे एकत्र पाहू. एलीयाच्या कथेत गती आहे, पण सिंहासन नाही. ११० व्या स्तोत्रात सिंहासन आहे, पण गती नाही. दानिएलात मेघ, गती आणि राज्य ही तिन्ही आहेत, पण नाव असलेली व्यक्ती नाही. ६८ व्या स्तोत्रात आरोहण आणि देणग्या आहेत, पण आरोहण करणारा माणूस नाही. ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाची संपूर्ण आकृती यांपैकी एकाही ठिकाणी नाही. ती या खंडांच्या जुळणीतून सिद्ध झाली आहे, आणि ती जुळणी हीच ख्रिस्ती विचाराची स्वतंत्र निर्मिती आहे. भाकीतवादी हे जोडकाम नाकारून आपल्याच परंपरेच्या प्रतिभेला उणेपणा आणतात. लादणीवादी जोडलेल्या खंडांमधील खरा शब्दसंबंध नाकारतात.

या जुळणीचे व्याकरणही पाहण्यासारखे आहे. माणसाचा कर्मणी प्रयोग आणि देवाचा कर्तरी प्रयोग हे हिब्रू शास्त्रात वेगळे ठेवलेले दोन प्रयोग नव्या करारात एकाच कर्त्याच्या नावावर जमा होतात. लूकचा ख्रिस्त घेतला जातो. योहानाचा ख्रिस्त चढतो. ज्याला पुढील शतकांच्या परिषदांनी दोन स्वभावांचा सिद्धांत म्हणून सूत्रबद्ध केले, त्याची पायाभरणी येथे प्रयोगांच्या द्वैतात झालेली दिसते. लूक किंवा योहान यांना तो सिद्धांत अभिप्रेत होता असा याचा अर्थ नव्हे. वाचकांपुढे पडलेले कोडे त्यांच्या व्याकरणात होते, एवढेच म्हणावयाचे आहे. पुढे पाश्चात्त्य चर्चने हा भेद वाटून दिला. ख्रिस्त स्वसामर्थ्याने चढतो आणि मरिया घेतली जाते, अशी विभागणी तेथील धर्मविचारात रूढ झाली. मरियेविषयीचा सिद्धांत १९५० साली बाराव्या पायस पोपने अधिकृतपणे घोषित केला. या विभागणीत ख्रिस्ताविषयीचा लूकचा कर्मणी प्रयोग मागे पडला. मराठीतील ‘स्वर्गारोहण’ हा शब्द या कर्तरी पक्षाचाच वारसदार आहे.

शेवटी या वाचनपद्धतीच्या मूल्याचा प्रश्न. पूर्वच्छाया पाहणाऱ्या वाचकावर एक जबाबदारी येते : ज्या घटनेची छाया तो पाहतो, ती घटना पुसून टाकण्याचा अधिकार त्याला नाही. मलाखीच्या ग्रंथानुसार एलीया परत यावयाचा आहे. यहुदी घराघरांत वल्हांडणाच्या भोजनाला त्याच्या नावाचा पेला आजही भरून ठेवतात. त्या घरांत एलीया कोणाची छाया नाही. तो स्वतः वाट पाहण्याजोगा पाहुणा आहे. ख्रिस्ती वाचकाने या एलीयाला केवळ पायरी मानले, तर आउअरबाखने सांगितलेले लक्षणच मोडते, आणि पूर्वच्छायेचे रूपककथेत पतन होते. समीक्षकाच्या बाजूने हीच जबाबदारी भाषिक आहे. कोणते साम्य हिब्रू धातूचे, कोणते ग्रीक भाषांतराचे, कोणते केवळ आपल्या मराठी शब्दाने उत्पन्न केलेले, हे प्रत्येक स्थळी वेगळे करून सांगितले पाहिजे. तसे केले असता यादी आखूड होते हे खरे; परंतु जी स्थळे उरतात त्यांचा आधार भक्कम असतो, आणि हनोख व एलीया यांना आपापल्या ग्रंथात आपापल्या अर्थाने राहण्याची मोकळीकही मिळते.